१९२३ चे जर्मनी : कथितकाळ आणि कथनकाळ

पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत उद्भवलेल्या चलनफुगवट्याचा निर्देश बहुधा नाझी राजवटीची नांदी म्हणून केला जातो आणि त्या काळावरील कथात्म साहित्य या निष्कर्षाचा पुरावा म्हणून वाचले जाते. ही वाचनपद्धती तपासून पाहणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम घटनाक्रम पाहू. युद्धाचा खर्च जर्मन शासनाने करांपेक्षा मुख्यतः कर्जांतून भागवला होता. १९२१ मध्ये युद्धभरपाईची रक्कम १३२ अब्ज सुवर्णमार्क ठरली. भरपाई थकल्याचे कारण देऊन जानेवारी १९२३ मध्ये फ्रेंच व बेल्जियन सैन्याने रूर खोरे ताब्यात घेतले. तेथील असहकारी कामगारांना पोसण्यासाठी शासनाने अधिकाधिक नोटा छापल्या. नोव्हेंबरमध्ये एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क मोजावे लागत होते. त्याच महिन्यात आलेल्या रेन्टेनमार्कमुळे चलन स्थिरावले. परंतु तोवर बचतीवर विसंबलेला मध्यमवर्ग नागवला गेला होता आणि कर्जदार ऋणमुक्त झाले होते.

या एकाच वर्षाच्या अनुभवाला तीन लेखकांनी तीन भिन्न काळांत रूप दिले. टोमास मान यांची ‘अव्यवस्था आणि कोवळे दुःख’ या अर्थाच्या शीर्षकाची दीर्घकथा १९२५ मधील आहे. तिच्यातील इतिहासाच्या प्राध्यापकाला पूर्ण होऊन गेलेला भूतकाळ प्रिय आहे. घरातली मुले मात्र अंडी मिळवण्यासाठी दुकानात खोटी नावे सांगतात. कथेच्या अखेरीस, निजलेली लहानगी उद्या आपले दुःख विसरेल, एवढीच आशा उरते. हान्स फालाडा यांची ‘लांडग्यांमधला लांडगा’ ही कादंबरी १९३७ मध्ये, नाझी अमलाखालील जर्मनीत प्रसिद्ध झाली. प्रजासत्ताकातील अनागोंदीचे चित्रण त्या राजवटीला गैरसोयीचे नव्हते, हे ती वाचताना विसरता येत नाही. एरिख मारिया रेमार्क यांची ‘काळा ओबेलिस्क’ १९५६ ची. तोवर लेखकाचे नागरिकत्व हिरावले गेले होते आणि त्याच्या बहिणीला १९४३ मध्ये देहान्त शासन झाले होते. थडग्यांचे दगड विकणाऱ्या पेढीत घडणारी ही कादंबरी शेवटी पात्रांचे पुढील भवितव्यही सांगते.

म्हणजे १९२३ पासून १९३३ पर्यंत जाणारी सरळ रेषा मान यांच्या कथेत नाही; ती रेमार्क यांच्यापाशी आहे, कारण त्यांना पुढचे ठाऊक आहे. इतिहासही या रेषेला सहजासहजी दुजोरा देत नाही. १९२८ च्या निवडणुकीत नाझी पक्षाला अवघी २.६ टक्के मते मिळाली होती. जुलै १९३२ मध्ये ती ३७.३ टक्के झाली. या दोहोंच्या मध्ये १९२९ पासूनची महामंदी येते. तिच्यात किमती वाढल्या नाहीत, घसरल्या. आणि बेकारांची नोंदलेली संख्या १९३२ मध्ये सुमारे ६० लाखांवर गेली. चलनफुगवट्याने प्रजासत्ताकावरील विश्वास खिळखिळा केला हे खरे. तथापि त्यातून पुढचा सर्वनाश अटळ ठरत नाही.

तौलनिक अभ्यासकाने म्हणूनच कथितकाळ आणि कथनकाळ यांची गल्लत होऊ देता कामा नये. समान विषयसूत्राखाली या कृती एकत्र आणल्या, तरी त्यांची साक्ष समान नसते. अरिष्टातून जाणाऱ्या माणसांना त्याचा शेवट माहीत नसतो. मान यांच्या प्राध्यापकालाही तो माहीत नाही. हे अज्ञान त्या कथेतील उणीव नसून तिची ऐतिहासिक साक्ष होय. ते पुसून टाकणारे वाचन साहित्याला केवळ निकालानंतरचा साक्षीदार बनवते.