नदीचे पाणी, विहिरीचे पाणी आणि शासनव्यवस्था



प्राथमिक शाळेत पाण्याचा विषय बहुतेक इयत्तांत कोणत्या ना कोणत्या रूपाने येतो. पाऊस कसा पडतो, नदी कोठे उगम पावते, पाणी स्वच्छ कसे ठेवावे, एवढे आपण चांगले शिकवतो. परंतु एखाद्या चौकस मुलाने उभे राहून “गुरुजी, नदीचे पाणी कोणाचे? आणि आमच्या विहिरीचे कोणाचे?” असे विचारले, तर उत्तर सोपे नाही. ह्या दोन प्रश्नांची उत्तरे कायद्याने निरनिराळी दिलेली आहेत, आणि आज खेड्यापाड्यांत दिसणाऱ्या पाणीटंचाईचे एक मूळ ह्या भेदात आहे. म्हणून देशातील नद्यांची व भूजलाची व्यवस्था शासन कशी करते, ह्याचे थोडक्यात विवेचन येथे केले आहे.

१. घटनेतील विभागणी

भारताच्या संविधानाने कामांची वाटणी सातव्या अनुसूचीतील याद्यांनी केली आहे. पाणीपुरवठा, पाटबंधारे, कालवे, बांध व जलसंचय हे विषय राज्यसूचीतील १७ व्या नोंदीत आहेत. म्हणजे पाण्याचा कारभार मुख्यतः राज्यांकडे आहे. मात्र एकाहून अधिक राज्यांतून वाहणाऱ्या नद्यांचे नियमन व विकास हा विषय संघसूचीच्या ५६ व्या नोंदीत घातला आहे, आणि अशा नद्यांवरील तंटे कसे सोडवावेत हे संसदेने ठरवावे, असे अनुच्छेद २६२ मध्ये म्हटले आहे. ह्याचे कारण उघड आहे. नदी राज्याची सीमा पाहून वाहत नाही. वरच्या गावाने ओढा अडवला की खालच्या गावाचे पाणी तुटते. राज्याराज्यांतही तेच घडते.

केंद्राकडे जलशक्ती मंत्रालय आहे. ते २०१९ मध्ये दोन मंत्रालये एकत्र करून स्थापन झाले. त्याच्या हाताखाली मुख्यतः दोन तांत्रिक संस्था काम करतात : नद्यांसाठी केंद्रीय जल आयोग आणि जमिनीखालच्या पाण्यासाठी केंद्रीय भूमिजल मंडळ. जल आयोग नद्यांचा प्रवाह मोजतो, मोठ्या प्रकल्पांची तपासणी करतो व पुराचे पूर्वानुमान देतो. पूर्वानुमानाचे हे काम १९५८ मध्ये दिल्ली येथे यमुनेवर सुरू झाले.

२. नद्यांची वाटणी : कृष्णेचे उदाहरण

१९५६ मध्ये संसदेने आंतरराज्य नदी जलविवाद अधिनियम केला. राज्यांची आपसांतील बोलणी निष्फळ ठरल्यास केंद्र सरकारने लवाद नेमावा व त्याचा निर्णय संबंधितांवर बंधनकारक असावा, ही त्यातील मुख्य तरतूद होय. त्याच वर्षी नदी मंडळांचाही एक अधिनियम झाला. राज्यांनी एकत्र बसून संपूर्ण खोऱ्याचा विचार करावा, हा त्याचा हेतू होता. पण त्याखाली एकही मंडळ प्रत्यक्षात काम करू लागले नाही. तंटा झाल्यावर निवाडा करण्याची सोय आपण वापरली. तंटा होऊ नये म्हणून एकत्र बसण्याची सोय कागदावर राहिली.

कृष्णा महाबळेश्वरी उगम पावते, सातारा व सांगली जिल्ह्यांतून कर्नाटकात जाते आणि पुढे तेलंगण व आंध्र प्रदेश ह्यांतून बंगालच्या उपसागरास मिळते. तिच्या पाण्यासाठी १९६९ मध्ये न्यायमूर्ती बच्छावत ह्यांच्या अध्यक्षतेखाली लवाद नेमला गेला. १९७३ मध्ये त्याने निर्णय दिला व १९७६ मध्ये त्यास अंतिम स्वरूप आले. लवादाने नदीचे भरवशाचे पाणी २,०६० अब्ज घनफूट, म्हणजे लोकांच्या भाषेत तेवढे टी.एम.सी., धरले व त्यातून महाराष्ट्रास ५६०, कर्नाटकास ७०० आणि तत्कालीन आंध्र प्रदेशास ८०० असा वाटा दिला. शेतीतून झिरपून नदीत परत येणाऱ्या पाण्याचा वेगळा विचार केला गेला.

येथे ‘भरवशाचे’ ह्या शब्दाचा अर्थ मुलांना नीट सांगावा. शंभर वर्षांपैकी निदान पंचाहत्तर वर्षे जेवढे पाणी नदीत खात्रीने येईल, तेवढेच वाटणीस धरले. घरात वर्षाचे धान्य भरताना शहाणी गृहिणी सुकाळाच्या वर्षाचा हिशेब धरीत नाही, त्यातलाच हा प्रकार आहे. पुढे २००४ मध्ये दुसरा लवाद नेमावा लागला, २०१४ मध्ये तेलंगण राज्य झाल्यावर वाटेकरी वाढले, आणि हा प्रश्न अद्याप पूर्णपणे मिटलेला नाही. नर्मदेच्या बाबतीतही १९७९ मध्ये लवादाचा निर्णय झाला व महाराष्ट्रास त्यात लहानसा वाटा मिळाला.

नदी देशाबाहेर जात असेल तर वाटणी परराष्ट्रीय कराराने होते. पाकिस्तानशी सिंधू नदीसंबंधीचा करार १९६० मध्ये झाला; एप्रिल २०२५ मध्ये भारताने तो स्थगित ठेवल्याचे जाहीर केले. बांगलादेशाशी गंगेच्या पाण्याविषयीचा करार १९९६ मध्ये तीस वर्षांसाठी झाला.

राज्याच्या आतही वरचा आणि खालचा हा वाद असतोच. महाराष्ट्राने २००५ मध्ये जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा अधिनियम केला. त्यानुसार खोऱ्यातील टंचाई सर्वांनी समन्यायाने वाटून घ्यावयाची आहे. गोदावरीच्या वरच्या धरणांतून जायकवाडीस पाणी सोडण्याचा प्रश्न ह्याच तत्त्वावर हाताळला जातो.

३. जमिनीखालचे पाणी

नदीचे पाणी दिसते, मोजता येते, दारे लावून अडवता येते. भूजलाचे तसे नाही, आणि कायदाही येथे जुन्या वाटेने चालत आला. १८८२ च्या सुविधाधिकार अधिनियमानुसार, ठरलेल्या प्रवाहाने न वाहणाऱ्या भूगर्भातील पाण्यावर त्या जमिनीच्या मालकाचा हक्क मानला गेला. मोटेने पाणी ओढले जात होते तोवर ह्यात फारसे बिघडले नाही. बैलाच्या ताकदीस मर्यादा होती. वीजपंप व विंधनविहिरी आल्यावर मात्र ज्याची विहीर खोल त्याचे पाणी, असा व्यवहार झाला.

आपल्या राज्याचा फार मोठा भाग काळ्या कातळाचा, म्हणजे बेसॉल्ट खडकाचा आहे. हा खडक स्पंजासारखा पाणी शोषीत नाही. पाणी राहते ते वरच्या मुरमाच्या थरात आणि कातळातील भेगांत. ह्या भेगा शेताच्या बांधापाशी थांबत नाहीत. एका शेतात दोनशे फूट खोल गेलेले यंत्र शेजारच्या पन्नास फूट विहिरीचे पाणी खेचू शकते, आणि गावाच्या पिण्याच्या विहिरीचेही. कागदावर हक्क जमिनीचा आहे, पाणी मात्र सर्वांच्या पायांखाली एकच आहे.

शासनाने ह्याबाबत काय केले? १९७० मध्ये केंद्रीय भूमिजल मंडळ स्थापन झाले. देशभरातील निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजली जाते. १९७० मध्येच केंद्राने भूजलाविषयी आदर्श विधेयकाचा मसुदा राज्यांकडे पाठवला. पाणी हा राज्यांचा विषय असल्याने कायदा करणे त्यांच्यावरच सोपवावे लागले. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर केंद्रीय भूमिजल प्राधिकरण नेमले गेले. महाराष्ट्रात १९९३ च्या अधिनियमाने सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरच्या आत परवानगीवाचून विहीर खोदण्यास मनाई केली. त्याची जागा पुढे २००९ च्या अधिक व्यापक अधिनियमाने घेतली. त्यात ६० मीटरहून अधिक खोलीच्या विहिरीस ‘खोल विहीर’ म्हटले आहे.

२०२४ च्या मूल्यांकनानुसार देशात वर्षाला सुमारे ४०६ अब्ज घनमीटर भूजल उपसण्याजोगे आहे व सुमारे २४५ अब्ज घनमीटर उपसले जाते. त्यातील बहुतांश, म्हणजे शंभरातील सुमारे ८७ भाग, शेतीसाठी. सरासरी पाहता परिस्थिती ठीक वाटते. पण सरासरीने तहान भागत नाही. उपसा उपलब्धतेच्या ७० टक्क्यांपर्यंत असेल तर तो तालुका सुरक्षित, ७० ते ९० अंशतः शोषित, ९० ते १०० शोषित आणि १०० च्या वर अतिशोषित गणला जातो. आपला तालुका ह्यांपैकी कोणत्या वर्गात आहे, हे प्रत्येक शिक्षकाने माहीत करून घ्यावे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात ही माहिती मिळते.

४. शाळेचा संबंध कोठे येतो?

कायदा कितीही चांगला असला तरी प्रत्येक बांधावर पहारा ठेवता येत नाही. जेथे भूजल टिकले तेथे ते गावाने मोजले व गावाने ठरवले म्हणून टिकले. हिवरे बाजार येथील ग्रामस्थांनी शेतीसाठी विंधनविहिरी न घेण्याचे ठरवले आणि त्या वर्षीच्या पावसाचा हिशेब करून पिके ठरवण्याची पद्धत पाडली, हे उदाहरण आपणा सर्वांस ठाऊक आहे. २०२० पासून महाराष्ट्रासह सात राज्यांत चालवलेल्या अटल भूजल योजनेचाही आधार गावाचा जलसुरक्षा आराखडा हाच होता.

शाळा तपासणीच्या निमित्ताने मार्च-एप्रिलची हजेरीपटे पाहताना एक गोष्ट मला वारंवार आढळली आहे. विहिरी आटल्या की प्रथम मोठ्या मुलींच्या नावांपुढे गैरहजेरी दिसू लागते. भूजलाच्या पातळीचा तो आपल्या दप्तरातील आलेखच होय. म्हणून हा विषय केवळ भूगोलाचा मानू नये.

पुढील उपक्रम पाचवी ते सातवीच्या वर्गांस सहज करता येतील :

(अ) गावातील एक सार्वजनिक विहीर निवडावी. जानेवारी, मे, ऑगस्ट व नोव्हेंबर ह्या महिन्यांत गाठी मारलेल्या दोरीस वजन बांधून काठापासून पाण्यापर्यंतचे अंतर शिक्षकांनी स्वतः मोजावे; मुलांनी सुरक्षित अंतरावरून नोंद घ्यावी. नोंदी शाळेच्या भिंतीवर तक्त्याने लावाव्यात.

(आ) गणिताच्या तासाला हे उदाहरण घ्यावे. विहिरीचा व्यास ६ मीटर असून पातळी १ मीटर उतरली, तर ३.१४ × ३ × ३ × १ = २८.२६ घनमीटर, म्हणजे २८,२६० लिटर पाणी कमी झाले. जल जीवन मिशनने माणशी रोज ५५ लिटर हे प्रमाण धरले आहे. त्या हिशेबाने हे सुमारे ५१३ माणसांचे एका दिवसाचे पाणी होय.

(इ) नकाशावर आपल्या ओढ्यापासून समुद्रापर्यंतची वाट मुलांकडून रंगवून घ्यावी व वाटेतील जिल्हे आणि राज्ये लिहून घ्यावीत.

एक सूचना आवश्यक वाटते. गावात विहिरींवरून भाऊबंदकी असते. शिक्षकांनी कोणाची विहीर योग्य व कोणाची अयोग्य, ह्या वादात पडू नये आणि वर्गात कोणाचे नाव घेऊ नये. आपले काम मोजण्याचे व समजावण्याचे आहे. तीन-चार वर्षांच्या नोंदी भिंतीवर असल्या की ग्रामसभेस त्या स्वतःहून पाहाव्या लागतील. तेव्हा बोलणारा आकडा गावच्याच मुलांनी लिहिलेला असेल, आणि तो कोणा एकाच्या बाजूचा नसेल.