टर्मिनल आणि नावातली स्पेस

काल ऑफिसातल्या एका नव्या मुलीने विचारलं, "सर, फोल्डर समोर दिसतंय, तरी टर्मिनल ते नाहीच का म्हणतं?" फोल्डरचं नाव होतं 'लग्नाचे फोटो'.

लिनक्स किंवा मॅकच्या टर्मिनलमध्ये आज्ञा वाचणारं शेल स्पेस दिसली की तिथे आज्ञा तोडतं. त्याच्या लेखी 'लग्नाचे' आणि 'फोटो' ही दोन वेगळी नावं!

उपाय तीन (सीडी म्हणजे फोल्डरमध्ये जाण्याची आज्ञा):

१) पूर्ण नाव अवतरणचिन्हांत: सीडी "लग्नाचे फोटो"

२) स्पेसआधी बॅकस्लॅश: सीडी लग्नाचे\ फोटो

३) सगळ्यात सोपा: पहिली काही अक्षरं लिहून टॅब दाबा. त्या अक्षरांचं दुसरं नाव नसेल, तर शेल उरलेलं नाव बॅकस्लॅशसकट भरून देतं.

विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये मात्र दुहेरी अवतरणचिन्हंच वापरा. तिथे बॅकस्लॅश फोल्डर वेगळे दाखवायला लागतो.

खरी काळजी घ्यायची ती लिनक्स-मॅकवर फाइल उडवणारी आरएम ही आज्ञा वापरताना. अवतरणचिन्हांशिवाय 'जुने फोटो.झिप' लिहिलं आणि शेजारी 'फोटो.झिप' नावाची दुसरी फाइल असेल, तर तीच उडते. आरएमने उडवलेलं कचरापेटीतही सापडत नाही.

स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांनी व्हेरिएबलही दुहेरी अवतरणचिन्हांतच ठेवावा. नवी फाइल करताना स्पेसऐवजी अंडरस्कोअर वापरला, तर हा प्रश्नच येत नाही.

कुठे अडलात तर कमेंटमध्ये विचारा.