आगोटीआधीची डागडुजी

महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारीला बंदी असते. होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात, नारळाच्या झापांनी किंवा ताडपत्रीने शाकारल्या जातात आणि नारळी पौर्णिमेच्या आसपास नवा हंगाम सुरू होतो. दुरुस्ती या दोन रिकाम्या महिन्यांत उरकायची, असा सर्वसाधारण समज आहे. लाकडी होड्यांच्या काळात त्यात तथ्य होते. आता छोट्या मच्छीमाराकडे फायबरची होडी सर्रास दिसते आणि फायबरच्या कामाला पावसाळी हवा अजिबात मानवत नाही. लाकूडफाटा भरणे, मसाला कुटणे, सुकी मासळी बांधून ठेवणे या आगोटीच्या, म्हणजे पावसापूर्वीच्या बेगमीच्या, कामांतच होडीचीही डागडुजी धरायला हवी. तिची खरी वेळ मे महिना.

लाकडी होडीचे दुखणे सांध्यांत असते. फळ्यांच्या फटीत तेलात भिजवलेला कापूस ठोकून बसवायचा आणि वरून राळ-तेलाचा लेप द्यायचा, ही जुनी रीत. मुशीच्या यकृताचे तेल, उंडीच्या बियांचे तेल, काजूच्या टरफलांचे तेल असे जे किनाऱ्यावर मिळेल ते लाकडाला पाजले जाई. यामागे नुसती परंपरा नाही. लाकूड उन्हात आकसते आणि पाण्यात फुगते. कापूस त्या हालचालीबरोबर दबतो, सैलावतो. घाईने सिमेंट किंवा कडक पुट्टी भरली, तर होडी पाण्यात उतरताच फळी फुगते आणि ती भरणी फुटून बाहेर येते किंवा फळीची कडच चेपते.

दुसरा शत्रू टेरेडो. त्याला किडा म्हणतात, पण तो शिंपल्याच्या कुळातला प्राणी आहे. पिल्लू असताना टाचणीच्या टोकाएवढ्या छिद्रातून तो आत शिरतो आणि लाकडातच वाढतो. बाहेरून फळी धड दिसते, आत मात्र बोगदेच बोगदे. म्हणून तळाच्या कण्याजवळ, म्हणजे पठाणाच्या दोन्ही अंगांना, हातोडीने ठोकत जायचे. आवाज बद्द आला की तिथे दाभण टोचून बघायचे. होडी बराच काळ कोरड्यावर राहिली की टेरेडो मरतो, हा पावसाळी विश्रांतीचा मोठा फायदा.

लाकडी होडी बांधण्याच्या निराळ्या रीतीही आहेत. अरबी समुद्रात खिळ्यांशिवाय, फळ्या काथ्याने शिवून जहाजे बांधण्याची विद्या शतकानुशतके चालत आली. अजिंठ्याच्या पाचव्या शतकातील चित्रावरून गोव्यातील दिवाडी बेटावर तसे एक जहाज अलीकडेच बांधले गेले आणि २१ मे २०२५ रोजी कारवारला ‘कौंडिण्य’ या नावाने ते नौदलात दाखल झाले. शिवलेल्या होडीत गंजायला खिळा नसतो आणि टाके उसवून एकच फळी बदलता येते. कन्याकुमारी जिल्ह्यातील मुट्टम येथे १९८०च्या दशकात पिएर जिले या बेल्जियन अभियंत्याने प्लायवूडचे तुकडे जोडून, सांध्यांवर फायबरच्या पट्ट्या चिकटवून मच्छीमारांसाठी होड्या तयार केल्या. दुरुस्तीचा विचार होडी बांधतानाच व्हायला हवा, हे दोन्हींकडून शिकण्यासारखे आहे.

आता फायबर. खडकावर आपटून तळाला बोटभर भोक पडले की एमसीलसारखी पुट्टी लावून वेळ मारून नेली जाते. धक्क्यापर्यंत पोचायला ती ठीक, पण दुरुस्ती म्हणून तिचा उपयोग नाही. भोकाच्या कडा चहूबाजूंनी उतरत्या घासाव्या लागतात. प्रमाण बारास एक. तळ सहा मिलिमीटर जाड असेल, तर प्रत्येक बाजूला सुमारे सात सेंटिमीटर घिसाई. भोक बोटभर आणि घासायचे वीतभर, हे पाहून पुष्कळांचा हात आखडतो. पण नव्या थराला पकड मिळते ती या उतारावरच. मग गोड्या पाण्याने मीठ धुऊन काढायचे आणि जागा पूर्ण वाळू द्यायची. पाणी फायबरच्या थरांत झिरपलेले असेल, तर त्याला कित्येक दिवसांचे कडक ऊन लागते. जुलैत ते मिळणार कुठून? ओलसर पृष्ठभागावर रेझिन चिकटल्यासारखे दिसते आणि पुढच्या हंगामात पापुद्र्यासारखे सुटते.

भोकावर थर द्यायच्या तर फायबरच्या चटईच्या वजनाच्या साधारण दुप्पट ते अडीचपट रेझिन लागते, आणि प्रत्येक थरातली हवा रोलरने काढावी लागते. रेझिनमध्ये आधी कोबाल्ट पूर्ण मिसळायचे, हार्डनर त्यानंतर, वजनाच्या एक-दोन टक्केच. कोबाल्ट आणि हार्डनर थेट एकमेकांत ओतले, तर स्फोट होऊ शकतो. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला, तर दृष्टी जाण्याची भीती असते. चष्मा आणि हातमोजे नसतील, तर काम दुसऱ्या दिवसावर ढकलावे. शेवटचा हात मेण घातलेल्या रेझिनचा द्यायचा. तसे न केल्यास हवेमुळे वरचा थर चिकटच राहतो.

होडीच्या मागे लावलेल्या मशीनच्या बाबतीत खर्च वाचवणारी सवय एकच: रोज परतल्यावर गोड्या पाण्याने आतून धुणे. पंख्यामागे गुंडाळलेला जाळ्याचा धागा मात्र हमखास नजरेतून सुटतो. तो तेलाचे सील कापतो आणि पाणी गिअरमध्ये शिरते. खालचा स्क्रू उघडून थोडे तेल काढावे. ते दुधाळ दिसले, तर सील गेले असे समजावे. नवे तेल खालच्या भोकातून, वरच्यातून बाहेर येईपर्यंत भरायचे, म्हणजे आत हवा अडकत नाही. मशीनवरचा जस्ताचा ठोकळा झिजतो म्हणून कुरकुर करू नये. त्याने झिजावे, म्हणजे मशीन वाचते. त्यावर रंग मारला, तर तो कुचकामी ठरतो.

सुधारणांमध्ये पहिला मान तरंगण्याच्या सोयीला द्यावा. फायबर पाण्यापेक्षा जड असते. होडी पाण्याने भरली की मशीनसकट तळ गाठते. आसनांखालच्या बंद कप्प्यांत पीयू फोम भरला, तर उलटलेली होडीसुद्धा माणसांना धरून राहायला उरते. स्वस्त पडतो म्हणून थर्माकोल घालून त्यावरच रेझिन ओतणारे आहेत. पॉलिस्टर रेझिनमधल्या स्टायरीनने थर्माकोल विरघळतो आणि कप्पा रिकामा राहतो. बर्फाच्या पेटीलाही हाच पीयू फोम किमान पाच सेंटिमीटर जाडीचा द्यावा. आपल्या हवेत किलोभर मासळीला किलोभर बर्फ लागतो, तो निम्म्या वाटेत वितळून कसे चालेल?

दुसरी सुधारणा संपर्काची. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमध्ये मासेमारी होड्यांवर एक लाख ट्रान्सपाँडर, म्हणजे संदेशयंत्रे, बसवण्याच्या राष्ट्रीय योजनेचा प्रारंभ झाला. मोबाइलची रेंज संपल्यावरही त्यावरून संदेश देता-घेता येतो. किनाऱ्यावर परतण्याची शाश्वती वाढवणारी ही सोय छोट्या होडीपर्यंत पोचली पाहिजे. पण यंत्र बसवणाऱ्याने आधी बॅटरीकडे बघावे. घरगुती वायरीचे तांबे खाऱ्या हवेत हिरवे पडते आणि ऐन वेळी वीज पुढे जात नाही. कथिलाचा मुलामा असलेली वायर, बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज, प्रत्येक जोडावर ग्रीस आणि बॅटरी घट्ट बांधलेली, शक्य तितकी उंचावर. हे काम घरच्या घरी दुपारभरात होते.