रेडिओची उतरंड

घरी बांधलेल्या विमानात रेडिओ बसवणारा माणूस बराच वेळ उलटा असतो. सीटची गादी काढलेली, पाठ तळाच्या पत्र्यावर, पाय वर सीटच्या पाठीला टेकलेले, डोकं रडरच्या पेडलांमध्ये, दातांत टॉर्च आणि हातात पक्कड. नाकावर मधूनच तारेचं सोलपट पडतं. पॅनेलची मागची बाजू बघायची तर ती अशीच दिसते.

समोर बसणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही. पॅनेलच्या मधोमध, शेजारी-शेजारी बसलेल्या दोघांचाही हात पोचेल अशा जागी, एकाखाली एक रचलेल्या चार-पाच काळ्या पेट्या तेवढ्या दिसतात. वैमानिक त्यांना ‘रेडिओ स्टॅक’ म्हणतात. मला आठवते ती जुन्या घरातली उतरंड. फरक एवढाच, की उतरंडीतलं तिसरं मडकं हवं असेल तर वरची दोन आधी उतरवावी लागतात. इथे ती अडचण मुळातच काढून टाकली आहे. मधला कुठलाही रेडिओ, वरच्याखालच्यांना धक्का न लावता, पुढून खेचून बाहेर येतो.

घरी विमान बांधण्याचा हा उद्योग अमेरिकेत सर्वांत जास्त चालतो. पॉल पोबरेझ्नी यांनी १९५३ साली विस्कॉन्सिनमध्ये ‘एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन’ सुरू केली आणि गॅरेजात विमान बांधणाऱ्यांना हक्काचं घर मिळालं. पुढे ओरेगनमधले रिचर्ड व्हॅनग्रुन्सव्हेन आपल्या आरव्ही विमानांचे किट विकू लागले. त्यांची दहा हजारांहून जास्त विमानं आजवर उडाली आहेत. विमानाच्या बांधणीचा मोठा भाग हौशी माणसाने, शिकण्यासाठी किंवा आवड म्हणून केलेला असावा, अशी तिथल्या कायद्याची अट आहे. बोलीत तिला ‘५१ टक्क्यांचा नियम’ म्हणतात. इंजिन, प्रॉपेलर आणि रेडिओ स्वतः घडवावेत अशी अपेक्षा कुणाचीच नसते; ते विकतच आणायचे.

त्याच कायद्यातली दुसरी एक तरतूद मला जास्त महत्त्वाची वाटते. विमान बांधणाऱ्याला त्या एका विमानापुरतं दुरुस्तीचं प्रमाणपत्र मिळू शकतं आणि मग दरवर्षीची तपासणी तो स्वतः करू शकतो. कारखान्यात रेडिओ बसवणारा कामगार आणि दहा वर्षांनी तो उघडणारा मेकॅनिक यांची कधी गाठ पडत नाही. मेकॅनिकच्या शिव्या हवेत विरून जातात. इथे शिव्या देणारा आणि खाणारा एकच. उतरंड बसवताना तो जे काही करतो, ते वयाने थोड्या वाढलेल्या, पाठ धरलेल्या स्वतःसाठीच करतो.

आता मापं. उतरंडीतल्या पेट्यांची रुंदी जवळपास सगळीकडे सव्वासहा इंच. उंची मात्र ज्याची त्याची: साधारण सव्वा इंचाचा ऑडिओ पॅनेल, अडीच-पावणेतीन इंचाचा जीपीएस-रेडिओ, दीड-पावणेदोन इंचाचा, रडारला उत्तर देणारा ट्रान्सपाँडर. खोली मोठ्या रेडिओची सुमारे ११ इंच, मागचे कनेक्टर आणि वळणाऱ्या तारा वेगळ्याच. रेडिओ पॅनेलला थेट जोडलेला नसतो. प्रत्येकाला ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याचा एक ट्रे असतो आणि रेडिओ त्यात ड्रॉवरसारखा सरकतो. ट्रेच्या मागच्या भिंतीवर कनेक्टर बसवलेला असतो. रेडिओच्या चेहऱ्यावर एक बारीक भोक असतं. त्यात तीन बत्तीसांश इंचाची ॲलन की घालून फिरवली, की आतला खटका ट्रेच्या खाचेत अडकतो आणि रेडिओ हळूहळू मागे ओढला जाऊन कनेक्टरमध्ये रुततो. उलटं फिरवलं की बाहेर. एकेकाळी मुंबईत लोक गाडीचा टेप काढून बगलेत मारून घरी नेत, ती युक्ती याच जातीची. चोरांनाही ती ठाऊक असते. अमेरिकेतल्या लहान विमानतळांवर रेडिओ चोरीला जाण्याच्या तक्रारी जुन्या आहेत.

हे ट्रे दोन बाजूंच्या ॲल्युमिनियम अँगलना जोडलेले असतात. अँगल पुढे पॅनेलला धरलेले. पण अकरा इंच लांब आणि काही किलो वजनाची रास नुसती पुढच्या टोकाला टांगून चालत नाही. चार सिलिंडरचं इंजिन तासन्‌तास हादरे देत असतं. म्हणून मागच्या टोकालाही आधार हवा. ट्रेला लावायचे स्क्रू आतून बाहेर जातात, त्यांची डोकी पत्र्यात बसून सपाट व्हावी लागतात, नाहीतर सरकणाऱ्या रेडिओची बाजू खरवडते. बाहेरच्या अँगलवर नटप्लेट रिव्हेट करून ठेवायच्या, म्हणजे नंतर नट पकडायला दुसरा हात लागत नाही. दुसरा हात तिथे शिरतच नाही.

खरी गोम ट्रे पॅनेलपासून किती आत बसवायचा यात आहे. तो फार पुढे आला, तर रेडिओचा चेहरा पॅनेलबाहेर लोंबतो. दिसायला वाईट, इतकंच. फार मागे गेला, तर चेहऱ्याची कड पॅनेलला आधी टेकते आणि मागचा कनेक्टर पुरता रुतण्याआधीच रेडिओ थांबतो. ही चूक लबाड आहे. जमिनीवर रेडिओ छान बोलतो. दोन महिन्यांनी एखाद्या जोरकस लँडिंगनंतर मुका होतो, पुढच्या रविवारी परत बोलतो. माणूस आधी अँटेना बदलतो, मग तार बदलतो, मग रेडिओ दुरुस्तीला पाठवतो; तिथून तो ठणठणीत असल्याच्या शेऱ्यासह परत येतो. चूक असते दोन-तीन मिलिमीटरची. म्हणून शहाणी माणसं भोकं पाडण्याआधी सगळी उतरंड टेबलावर रचून बघतात, खरे रेडिओ खऱ्या ट्रेमध्ये घालून, दोन चेहऱ्यांच्या मध्ये जाड कागदाची फट ठेवून. चेहरे ट्रेपेक्षा किंचित उंच असतात. ट्रे एकमेकांना चिकटवून बसवले तर चेहरे एकमेकांवर घासतात.

आरव्ही-७ सारख्या विमानात यापुढेही एक दिव्य असतं. पॅनेलच्या मागे हातभर अंतराच्या आत दुसरी पत्र्याची भिंत आहे, सबपॅनेल; आणि दोघांना जोडणारी बरगडी बरोबर मधोमध, म्हणजे उतरंड जिथे हवी तिथेच. मग बरगडी बाजूला न्यायची किंवा कापायची, सबपॅनेलला खिडकी पाडायची, आणि जे कापलं त्याचं बळ अँगल लावून परत द्यायचं. स्वतःच महिनोन्‌महिने रिव्हेट केलेल्या पत्र्यावर करवत चालवताना कुणाचाही हात अडखळेल. ज्या आरव्हींची पारदर्शक छत्री पुढच्या बिजागरीवर वर उघडते, त्यांत एक सोय आहे: छत्री उघडली की पॅनेलमागच्या जागेत वरून हात घालता येतो. पाऊसही तिथूनच आत येतो.

उतरंडीचा क्रम ठरलेला असा नाही, पण रूढी आहे. वर ऑडिओ पॅनेल, कारण कुठल्या रेडिओवर बोलायचं आणि कुठला ऐकायचा हे तिथे ठरतं. त्याखाली नजरेच्या जवळ जीपीएस-रेडिओ, मग दुसरा रेडिओ, आणि तळाला ट्रान्सपाँडर. त्यात एकदा चार आकडे घातले की सहसा परत हात लागत नाही.

मग तारा. इथे मी थोडा रेंगाळणार, कारण उतरंडीची अब्रू मागे असते. एका मोठ्या कनेक्टरमध्ये ७८ पिना असू शकतात आणि प्रत्येक पिन तारेवर वेगळी क्रिंप करायची. घरगुती पीव्हीसीची तार इथे चालत नाही. ती जळली की विषारी धूर होतो. त्याऐवजी टेफझेलचं आवरण असलेली तार वापरतात. प्रत्येक जुडगं थोडं लांब ठेवायचं, म्हणजे ट्रेची मागची भिंत सोडवून कनेक्टर हातात घेता येईल. नेटकेपणाच्या नादात तारा ताणून बांधणाऱ्याला हे पहिल्याच तपासणीत कळतं.

आणि आवाज. हेडफोनमध्ये इंजिनाच्या वेगाबरोबर चढत-उतरत जाणारी बारीक किणकिण ऐकू आली, तर संशय अल्टरनेटरवर जातो. दोष बहुधा अर्थिंगचा असतो. धातूचं अख्खं विमान म्हणजे एक भलीमोठी परतीची तार. एका उपकरणाची जमीन इथे आणि दुसऱ्याची तिथे जोडली, की दोन टोकांमधला विजेचा किरकोळ फरकही कानात येऊन बसतो. म्हणून माइक आणि हेडफोनच्या सॉकेटांना फायबरचे वॉशर लावून पत्र्यापासून तोडतात, कवचाच्या तारेचं कवच एकाच टोकाला जमिनीला जोडतात, आणि सगळ्या जमिनी इंजिनामागच्या भिंतीवर एकाच ठिकाणी आणतात. विजेच्या विषयावर हौशींसाठी पुस्तक लिहिणारे बॉब नकल्स या ठिकाणी पितळी पत्र्यावर पुढेमागे जिभांची रांगच लावायला सांगतात.

अँटेनाचं थोडक्यात. बोलण्याची वारंवारता ११८ ते १३७ मेगाहर्ट्झच्या दरम्यान, म्हणजे पाव लहर सुमारे साठ सेंटिमीटर. तेवढी दांडी विमानाच्या पोटाखाली. ट्रान्सपाँडर १०९० मेगाहर्ट्झवर उत्तर देतो, त्याची दांडी बोटभर. बर्ट रुटान यांच्या फायबर-फोमच्या विमानांत तांब्याची पट्टी कातडीच्या आतच पुरतात. बाहेरून दिसत नाही, वाऱ्याला अडत नाही. चुकली तर मात्र कापून काढावी लागते.

उतरंड आता बारीक होत चालली आहे. आतले रेडिओ तर बदलतच आले: पूर्वी ३६० चॅनेल असत, मग ७२०, मग ७६०, आणि युरोपात आता तीच जागा आणखी बारीक कापली आहे. दर वेळी जुना रेडिओ काढून नवा बसवायची वेळ आली. त्या मानाने सव्वासहा इंचांनी बरंच निभावलं. कॅन्ससमध्ये एड किंग यांच्या कंपनीचे रेडिओ ज्या रुंदीचे होते, त्याच रुंदीत १९९८ साली गार्मिनचा जीएनएस ४३० आला. आता डायनॉन, गार्मिन यांचे मोठे पडदे आले आहेत. ट्रान्सपाँडर आणि दुसरा रेडिओ मागे कुठेतरी दडवतात आणि पडद्यावरून चालवतात. पॅनेल सुंदर दिसतं. पण पडदा गेला की त्याबरोबर काय काय जातं, याचा हिशेब करून काही जुने लोक एक तरी बटणांचा, स्वतःच्या पायावर उभा असलेला रेडिओ ठेवतात. मी त्यांच्या बाजूचा आहे.

आपल्याकडे हा छंद विरळा. कांदिवलीत घराच्या गच्चीवर विमान बांधणारे कॅप्टन अमोल यादव सर्वांना ठाऊक आहेत. ते विमान २०१६ साली मुंबईच्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात लोकांनी पाहिलं आणि पुढच्या वर्षी व्हीटी-एनएमडी म्हणून त्याची नोंदणी झाली. बातम्यांत गच्ची आली, क्रेन आली, कागदपत्रं आली. पॅनेलची मागची बाजू काही आली नाही. अमेरिकेत देशातल्या देशात उडणाऱ्या खासगी विमानाच्या रेडिओला वेगळा परवाना लागत नाही. भारतात विमानातल्या रेडिओला परवाना हवा आणि बोलणाऱ्या माणसालाही. उड्डाण शिकणाऱ्या मुलांना विचारा, आरटीआरची, म्हणजे या बोलण्याच्या परवान्याची, परीक्षा म्हटलं की चेहरे कसे होतात ते.

सगळ्या तारा जोडून झाल्या, तरी पहिल्यांदा वीज सोडताना ट्रे रिकामेच ठेवतात. मीटर लावून एकेक पिन तपासायची: बारा व्होल्ट जिथे हवेत तिथेच आहेत ना, आणि नको तिथे नाहीत ना. एका जीपीएस-रेडिओची किंमत दहा हजार डॉलरांच्या वर जाते, त्यामुळे या कामात घाई कुणी करत नाही. मग एकेक रेडिओ सरकवायचा, ॲलन की फिरवायची.

जुलैच्या अखेरीस घरी बांधलेली शेकडो विमानं विस्कॉन्सिनमधल्या ऑशकॉशच्या मेळाव्याला निघतात. रिपन गावापासून रेल्वेच्या रुळांवरून एकामागे एक येत ती फिस्क नावाच्या वस्तीवर पोचतात. तिथे जमिनीवर दुर्बीण घेऊन बसलेले नियंत्रक विमानाला नावाने नव्हे, रंगाने आणि पंखांच्या ठेवणीने हाक मारतात आणि ऐकू आलं असेल तर पंख हलवायला सांगतात. उलट बोलायचं नाही, अशी सूचना आधीच छापून दिलेली असते. विमानांची रांग इतकी लांब असते, की प्रत्येक जण बोलू लागला तर कुणालाच काही ऐकू येणार नाही. वैमानिक ऑडिओ पॅनेलवरचा आवाज थोडा वाढवतो आणि बोलायच्या बटणावरचा अंगठा बाजूला घेऊन सुकाणूची दांडी आधी डावीकडे, मग उजवीकडे झुकवतो.