रात्री घेतली म्हणून ताप आला?

सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कामगारवस्तीत एक वाक्य हमखास ऐकू येते. घरधनी अंथरुणातून उठत नाही. अंग तापलेले, डोके धरून कण्हणे चालू. शेजारीण दारातून विचारते, "काय झालं हो भाऊंना?" आणि आतून उत्तर येते, "काय व्हायचंय! काल जास्त झाली. उतरेल दुपारपर्यंत."

बहुतेक वेळा दुपारपर्यंत उतरतेही. पण ज्या वेळी उतरत नाही, त्या वेळेबद्दल आज आम्हाला वाचक बंधू-भगिनींशी बोलायचे आहे.

आमच्या ओळखीतल्या एका घरी असेच घडले. भर पावसाळ्याचे दिवस. गृहस्थ सफाईच्या कामावर, दिवसभर गुडघाभर पाण्यात. संध्याकाळी अंगातली कणकण जावी म्हणून थोडी घेऊन झोपत. एके दिवशी सकाळी अंग फणफणले. घरच्यांनी दारूवर टाकले, शेजाऱ्यांनी दारूवर टाकले, कोपऱ्यावरच्या दवाखान्यात तोंडाचा वास येताच तिथेही दारूवरच टाकले. तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी डोळे पिवळे झाले, लघवी कमी झाली, पोटऱ्यांना हात लावू देईनात. मोठ्या रुग्णालयात नेल्यावर कळले, लेप्टो. माणूस वाचला, पण थोडक्यात वाचला. पहिल्या दिवशी कोणी थर्मामीटर लावला असता, तर पुढचे बरेच टळले असते.

दारू उतरताना काय होते?

दारू पोटात गेली की कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात. चेहरा लाल होतो, अंगात ऊब आल्यासारखे वाटते. खरे तर त्या वेळी शरीर आतली उष्णता बाहेर टाकत असते. म्हणूनच पिऊन थंडीत उघड्यावर झोपलेला माणूस गारठून दगावू शकतो. दारूने थंडी पळते हा समज साफ खोटा आहे.

पुढे यकृत दारूचे रूपांतर ॲसिटाल्डिहाइड नावाच्या विषारी द्रव्यात करते, मग त्याचा निचरा करते. मूत्रपिंडांनी पाणी राखून ठेवावे म्हणून मेंदूतून जे संप्रेरक येते, तेही दारूने दबते. त्यामुळे लघवी वारंवार होते आणि अंगातले पाणी कमी पडते. जठराचे अस्तर चुरचुरते. झोप लागली तरी तुटक लागते. उपाशीपोटी प्यालेल्याची साखरही उतरते. या सगळ्याची बेरीज म्हणजे दुसऱ्या सकाळचे डोके ठणकणे, मळमळ, तहान, घाम, हातापायांत गोळे आणि उजेड नकोसा वाटणे. शहरात याला हँगओव्हर म्हणतात.

शरीराला सूज आणणारी काही द्रव्येही या वेळी रक्तात वाढतात. त्यामुळे अंग दुखते, शिरशिरी येते, ताप आल्यासारखे वाटते. 'आल्यासारखे वाटते', हे शब्द लक्षात ठेवा. हाताला अंग गरम लागेल, पण थर्मामीटरचा पारा फारसा चढत नाही. आणि हे सारे एका दिवसात ओसरते.

मग खरा ताप कुठला?

तोंडातला पारा साधारण ९८.६ अंशांच्या आसपास असतो. १००.४ अंश किंवा त्याहून वर गेला तर तो ताप. काखेत लावला तर आकडा थोडा कमीच येतो, हे ध्यानात ठेवावे. एवढा ताप भरला असेल, तर रात्रीच्या दारूला बोल लावून गप्प बसू नये. त्याचे कारण दुसरीकडे शोधले पाहिजे.

पावसाळ्यात पहिला संशय हिवतापाचा, डेंग्यूचा आणि लेप्टोचा. हुडहुडी भरून ताप येणे, घाम येऊन उतरणे आणि पुन्हा चढणे ही हिवतापाची चाल. तुंबलेल्या पाण्यातून चालल्यावर किंवा त्यात काम केल्यावर काही दिवसांनी ताप, लाल डोळे आणि पोटऱ्यांत ठणका असेल तर लेप्टो. उंदीर-घुशींच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून हा रोग येतो. पायाला जखम असेल तर धोका अधिक. मुंबईत २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर या रोगाने अनेकांना गाठले होते. वेळेवर औषध मिळाले तर तो बरा होतो.

पिणाऱ्याच्या अंगात काही आजार विशेष लवकर शिरतात. नशेत ओकारी श्वासनलिकेत गेली तर फुप्फुसाला सूज येते, मग ताप, खोकला आणि धाप. वर्षानुवर्षे पिणाऱ्याचे यकृत सुजते, तेव्हा ताप, कावीळ आणि उजव्या बरगडीखाली दुखणे एकत्र येतात. पोटाच्या वरच्या भागात असह्य कळ येऊन ती पाठीत जात असेल, तर स्वादुपिंड सुजलेले असू शकते. आणि क्षयरोग! रोज संध्याकाळी बारीक ताप, रात्री घाम, दोन आठवड्यांहून जास्त खोकला, वजन घटणे. दारूने खंगलेल्या शरीराला क्षय लवकर धरतो, आणि घरचे म्हणत राहतात, "दारूने वाळला." थुंकीची तपासणी आणि क्षयाची औषधे सरकारी दवाखान्यात मोफत आहेत.

सोडल्यावर येणारा ताप

आता एक गोष्ट, जी फार थोड्या घरांना ठाऊक असते. जो माणूस वर्षानुवर्षे रोज भरपूर पितो, त्याची दारू अचानक बंद झाली की शरीर बंड करते. पैसे संपले, आजाराने पडला, रुग्णालयात भरती झाला, अपघाताने पाय मोडला, किंवा घरच्यांनी कोंडून ठेवला, काहीही कारण असो. शेवटच्या घोटानंतर सहा ते चोवीस तासांत हात कापू लागतात, घाम फुटतो, छाती धडधडते, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी काहींना ताप भरतो, नसलेली माणसे दिसतात, भिंतीवर किडे दिसतात, आपण कुठे आहोत हे कळत नाही.

लोक म्हणतात, बाहेरचे लागले. मग अंगारे-धुपारे सुरू होतात. हे कुणाचे लागणे नव्हे. हा आजार आहे, उपचार न झाल्यास जीव घेणारा आहे, आणि त्यावर रुग्णालयात चांगले औषध आहे. म्हणून रोज पिणाऱ्याला कोंडून दारू सोडवू नका. डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडवा.

दोन गोळ्या आणि एक घोट

ताप वाटला की आपण दुकानातून गोळी आणतो. पिणाऱ्याच्या घरात इथेही सावध राहावे. पॅरासिटामॉल एरवी सुरक्षित, पण रोज पिणाऱ्याच्या यकृताला त्याचा जास्त डोस सोसत नाही. ॲस्पिरिन, आयब्रुफेन यांनी दुखावलेल्या जठरातून रक्तस्राव होऊ शकतो, आणि डेंग्यूचा संशय असताना तर त्या नकोतच. 'उतारा' म्हणून सकाळी पुन्हा घोटभर घेणे म्हणजे दुखणे संध्याकाळवर ढकलणे. शुद्धीवर असेल तर पाणी, मीठ-साखरेचे सरबत, पेज द्यावी आणि विश्रांती द्यावी. नशेत असेल तर कुशीवर झोपवावे, उताणे नाही.

हातभट्टीची किंवा भेसळीची दारू असेल तर ताप पाहत बसूच नका. मिथेनॉलच्या विषाची सुरुवात साध्या हँगओव्हरसारखीच असते. काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, पोटात कळा येतात, डोळ्यांपुढे धुके येते, श्वास जोरात चालतो. मुंबईत मालाडच्या मालवणीत जून २०१५ मध्ये अशा दारूने शंभराहून अधिक माणसे गेली. नजर अंधुक झाली की त्या क्षणी १०८ ला फोन करून रुग्णालय गाठावे.

लाज बाजूला ठेवा

भगिनींनो, केसपेपर काढताना डॉक्टर विचारतात, "पितात का?" आणि आपण खाली मान घालून म्हणतो, "नाही." लाज वाटते, हे आम्ही समजू शकतो. पण त्या एका 'नाही'मुळे तिसऱ्या दिवशी वॉर्डात हात कापू लागतात, आणि का ते कोणाला कळत नाही. किती पितात, कोणती पितात, शेवटची कधी घेतली, हे तिन्ही सांगा. त्याच दमात हेही सांगा, "डॉक्टरसाहेब, ताप १०२ आहे, तीन दिवस झाले, पाण्यात काम करतात. रक्त तपासा." दारूचा वास आला म्हणून तपासणी नाकारण्याचा अधिकार कोणालाही नाही. कोणी "उतरल्यावर आणा" म्हणाले, तर आकडा लिहिलेला कागद पुढे करा.

पंचशीलातले पाचवे शील आपण विहारात एका सुरात म्हणतो. १९५६ साली नागपूरच्या दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतही दारूचा त्याग आहे. दारू घरात नकोच, याबद्दल आमचे दुमत नाही. पण शील मोडले म्हणून माणसाने औषधाला मुकावे, असे धम्म कुठेही सांगत नाही. आजारी माणसाला आधी औषध द्या, बोल नंतर लावा. ज्याला सुटायचे आहे त्याच्यासाठी वाट आहे. पुण्याचे मुक्तांगण १९८६ पासून हेच काम करते आहे. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभांना फी लागत नाही. १४४४६ हा सरकारी क्रमांकही मोफत आहे.

येत्या पगाराला एक काम करा. औषधाच्या दुकानातून एक थर्मामीटर आणा आणि मुलांच्या दप्तराच्या खुंटीवर टांगून ठेवा. पुढच्या वेळी "काल जास्त झाली" म्हणण्याआधी तो लावा. आकडा कागदावर लिहा, वेळ लिहा. शाळेत जाणाऱ्या मुलीलाही हे जमेल. त्या कागदावरच्या दोन ओळींनी तिचा बाप वाचू शकेल.