अलास्काचे समुद्रपर्यटन : मार्ग, ऋतू आणि पूर्वतयारी

उत्तर अमेरिकेच्या नकाशात अलास्काच्या मुख्य भूभागापासून दक्षिणेकडे एक चिंचोळी पट्टी लोंबताना दिसते. एका बाजूला कॅनडाचे बर्फाच्छादित डोंगर, दुसऱ्या बाजूला प्रशांत महासागर आणि मध्ये सुमारे अकराशे बेटांचा अलेक्झांडर द्वीपसमूह. या पट्टीला आग्नेय अलास्का म्हणतात. येथील डोंगर सरळ पाण्यात उतरत असल्याने सलग किनारी रस्ता बांधणे जमलेले नाही. राज्याची राजधानी जुनो, पण तिलाही बाहेरच्या जगाशी जोडणारा रस्ता नाही. तेथे विमानाने जावे, नाही तर बोटीने. त्यामुळे पर्यटक-जहाज, म्हणजे ज्याला आपण आता सर्रास क्रूझ म्हणतो, ते या प्रदेशात केवळ चैनीचे साधन राहत नाही. हा मुलूख पाहण्याचा तो सर्वांत स्वाभाविक मार्ग ठरतो. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांत, आई-बाबा उन्हाळ्यात येणार म्हटले की अलास्काची क्रूझ हा बेत हमखास निघतो. असा बेत आखताना जहाज कोणते, त्यावर पोहण्याचे तलाव किती, याची चौकशी आधी होते. वास्तविक मार्ग आधी निवडावा आणि जहाज नंतर.

या पर्यटनाचा इतिहास सव्वाशे वर्षांहून जुना आहे. १८६७ मध्ये अमेरिकेने रशियाकडून अलास्का ७२ लाख डॉलरांना विकत घेतला. १८७९ मध्ये निसर्गलेखक जॉन म्यूर त्लिंगित या मूळ रहिवासी जमातीच्या वाटाड्यांबरोबर होडीतून ग्लेशियर बे या उपसागरात शिरले आणि त्यांच्या लेखांनी तेथील हिमनद्या जगाला ठाऊक झाल्या. १८८३ मध्ये कॅप्टन जेम्स कॅरोल यांनी ‘आयडाहो’ ही आगबोट प्रवाशांसह त्याच उपसागरात नेली. त्या दशकात टपाल आणि माल वाहणाऱ्या आगबोटी हौशी प्रवासी घेऊन नियमित उत्तरेकडे जाऊ लागल्या. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विमानांनी महासागरी प्रवासी जहाजांचा धंदा बसवला, तेव्हा जहाज-कंपन्या सहलींकडे वळल्या. त्यांतली प्रिन्सेस क्रूझेस ही कंपनी १९६५ मध्ये एका भाड्याच्या बोटीवर सुरू झाली. ‘प्रिन्सेस पॅट्रिशिया’ नावाची ती बोट कॅनडियन पॅसिफिक कंपनीची होती.

आजच्या फेऱ्यांचे मुख्य प्रकार दोन. पहिला सिॲटल येथून निघून सातव्या-आठव्या दिवशी तेथेच परतणारा. दुसरा कॅनडातील व्हँकूव्हर येथून निघणारा. यातही काही जहाजे व्हँकूव्हरला परततात, तर काही एकेरी प्रवास करून अलास्कातील व्हिटियर किंवा सेवर्ड या बंदरांत प्रवाशांना उतरवतात. या विभागणीमागे १८८६ चा एक अमेरिकी कायदा आहे. परदेशी निशाणाखाली चालणाऱ्या जहाजाने प्रवाशांना अमेरिकेच्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात नेता कामा नये, असा त्याचा आशय. बहुतेक सर्व मोठी पर्यटक-जहाजे बहामा, पनामा, नेदरलँड्स अशा देशांत नोंदलेली असल्याने सिॲटलहून निघालेल्या जहाजाला वाटेत एकदा तरी परदेशी बंदर गाठावे लागते. सिॲटलच्या बहुतेक फेऱ्यांत कॅनडाच्या व्हिक्टोरिया शहराचा थांबा दिसतो, तोही पुष्कळदा ऐन संध्याकाळी काही तासांपुरता. त्याचे कारण हेच. पर्यटकाला तेथील प्रसिद्ध बुचार्ट उद्यान दिवसाउजेडी पाहता यावे, ही काळजी कायद्याने वाहिलेली नाही. शिवाय शंभराच्या आत प्रवासी घेणारी छोटी जहाजे आहेत. ती महाग असतात, पण अरुंद खाड्यांत शिरतात. आणि १९६३ पासून अलास्का राज्य स्वतःची बोटसेवा चालवते. तिच्यात मेजवान्या नाहीत, नाटके नाहीत. पण वॉशिंग्टन राज्यातील बेलिंगहॅमहून निघणाऱ्या या बोटीच्या उघड्या डेकवर चिकटपट्टीने तंबू ठोकून झोपलेले तरुण प्रवासी पाहिले, की अलास्का पाहायला बाल्कनीची खोलीच लागते हा समज गळून पडतो.

दोन मार्गांतला खरा फरक पाण्याचा आहे. सिॲटलची जहाजे बहुधा व्हँकूव्हर बेटाच्या पश्चिमेने, खुल्या महासागरातून जातात. तेथे लाटांना आडकाठी नसते, आणि ज्यांना बोट लागते त्यांना हे एक-दोन दिवस जड जाऊ शकतात. व्हँकूव्हरची जहाजे बेट आणि मुख्य भूमी यांच्यामधल्या आडोशाच्या जलमार्गाने, म्हणजे इनसाइड पॅसेजने जातात. हा मार्ग शांत असला तरी निर्धोक नव्हता. सेमूर नॅरोज या सामुद्रधुनीत पाण्याखाली ‘रिपल रॉक’ नावाचा दुहेरी सुळका दबा धरून होता. शंभराहून अधिक जहाजे आणि होड्या त्यावर आपटल्या. अखेर शेजारच्या बेटावरून समुद्रतळाखालून बोगदा खणण्यात आला, सुळक्याच्या पोटात बाराशे टनांहून अधिक स्फोटके भरण्यात आली आणि ५ एप्रिल १९५८ रोजी तो उडवण्यात आला. अणुस्फोट वगळता मानवाने तोवर केलेल्या सर्वांत मोठ्या स्फोटांत त्याची गणना होते. आजही तेथे भरती-ओहोटीचा ओघ ताशी पंधरा सागरी मैलांपर्यंत जातो. त्यामुळे पाणी स्तब्ध होण्याची वेळ साधूनच जहाजे तेथून पार होतात. व्हँकूव्हरहून जहाज कधी निघणार हे पुष्कळ वेळा या भरती-ओहोटीच्या कोष्टकावर ठरते.

बंदरांपैकी केचिकन सॅमन माशांसाठी आणि मूळ रहिवाशांच्या कोरीव टोटेम-स्तंभांसाठी ओळखले जाते. तेथे वर्षाला साडेतीनशे सेंटिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. हे मान कोकणाला परके नाही, पण कोकणात तो चार महिन्यांत आटोपतो आणि तेथे बारमाही रेंगाळतो. जुनोहून मेंडेनहॉल हिमनदी वीसएक किलोमीटरवर आहे. या शहरावर पर्यटकांचा ताण इतका वाढला, की २०२४ पासून दिवसाला पाचच मोठी जहाजे घेण्याचा करार शहराने जहाज-कंपन्यांशी केला. स्कॅगवे हे मात्र अभ्यासून जाण्याचे गाव. १८९७-९८ मध्ये क्लोंडाइकच्या सोन्यामागे धावलेले हजारो लोक येथे उतरले आणि खिंडी चढून कॅनडात शिरले. सोबत वर्षभराचा शिधा असल्याशिवाय कॅनडाचे पोलीस सरहद्द ओलांडू देत नसत. अवजारांसह हे ओझे सुमारे एक टन भरे. ते पाठीवर थोडेथोडे वाहत एकाच चढणीवर कितीतरी खेपा माराव्या लागत. १८९८ मध्ये काम सुरू होऊन १९०० मध्ये पूर्ण झालेला, व्हाइट पास या त्यांतल्याच एका खिंडीचा अरुंदमापी लोहमार्ग आज त्याच घाटातून पर्यटकांना नेतो. सुमारे ३२ किलोमीटरांत गाडी समुद्रसपाटीपासून साडेआठशे मीटरांहून अधिक चढते. तिचे तिकीट आधी काढून ठेवावे.

या प्रवासाचा कळस म्हणजे ग्लेशियर बे. १७९४ मध्ये दर्यावर्दी जॉर्ज व्हँकूव्हर यांच्या मोहिमेतील जोसेफ व्हिडबी येथे आले, तेव्हा उपसागर जवळजवळ नव्हताच. बर्फाच्या प्रचंड भिंतीत आठेक किलोमीटरांची खोबण तेवढी होती. म्यूर आले तोवर बर्फ पन्नास किलोमीटरांहून अधिक मागे हटला होता. १९१६ पर्यंत हे अंतर शंभर किलोमीटरांच्या आसपास गेले. नोंदलेल्या इतिहासात इतकी वेगवान माघार क्वचितच आढळते. १९८० पासून हे राष्ट्रीय उद्यान आहे, तर १९९२ पासून जागतिक वारसास्थळांत त्याची गणना होते. येथे दिवसाला दोनच मोठ्या पर्यटक-जहाजांना प्रवेश मिळतो आणि हे परवाने मोजक्या कंपन्यांकडे आहेत. म्हणून ‘हिमनदीदर्शन’ एवढ्या मोघम शब्दांवर न जाता आपल्या फेरीच्या कार्यक्रमात ग्लेशियर बेचे नाव आहे का, हे तपासावे. हबर्ड ही दुसरी मोठी हिमनदीही पाहण्याजोगी आहेच, पण ती वेगळी.

उद्यानाच्या हद्दीत शिरताना एक छोटी नाव चालत्या जहाजाला बिलगते आणि उद्यानाचे अधिकारी दोरीच्या शिडीने वर चढतात. दिवसभर ते ध्वनिक्षेपकावरून माहिती सांगतात. उपसागराच्या वरच्या टोकाला मार्जरी हिमनदीचे सुमारे दीड किलोमीटर रुंद, पाण्यावर पाऊणशे मीटर उंच तोंड समोर येते. दाबाने घट्ट झालेला बर्फ प्रकाशातला तांबडा भाग शोषून घेतो, म्हणून भेगांमधून निळाई दिसते. मधूनच वाड्याएवढा कडा सुटतो. तो कोसळताना आधी दिसतो आणि त्याचा गडगडाट क्षणभराने कानी येतो. कप्तान येथे जहाज जागच्या जागी सावकाश फिरवतो, त्यामुळे दोन्ही बाजूंच्या खोल्यांना दर्शन घडते. ‘उजवी बाजूच घ्या’ हा सल्ला उत्तरेकडे जाणाऱ्या एकेरी फेरीला लागू आहे, जाऊन-येऊन फेरीत त्याला अर्थ नाही.

ऋतू एप्रिलच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंतचा. मे महिना तुलनेने कोरडा, स्वस्त आणि डोंगरांवर भरपूर बर्फ असलेला. जूनमध्ये जुनोला दिवस अठरा तासांचा असतो. जुलै-ऑगस्टमध्ये सॅमन नद्यांत चढतात आणि त्यांच्यामागे अस्वले येतात. हवाईच्या उबदार पाण्यातून आलेले हम्पबॅक देवमासे उन्हाळाभर येथे चरतात. सप्टेंबरपासून पाऊस वाढतो. ज्येष्ठांसह जायचे आणि गर्दी टाळायची असेल, तर मे महिन्याचा उत्तरार्ध उत्तम, असे माझे मत आहे.

खोल्यांचे वर्ग चार : आतली बिनखिडकीची, खिडकीची, बाल्कनीची आणि प्रशस्त दालन म्हणजे स्वीट. बोट लागण्याची भीती असल्यास जहाजाच्या लांबीच्या मध्यावर आणि खालच्या मजल्यावर खोली घ्यावी, कारण तेथे हेलकावा सर्वांत कमी जाणवतो. जाहिरातीतले भाडे एका खोलीत दोघे धरून माणशी असते. एकट्याला जवळजवळ दुप्पट पडते. कर्मचाऱ्यांची रोजची बक्षिसी, इंटरनेट, पेये आणि किनाऱ्यावरच्या सहली यांचा खर्च निराळा. हा वरखर्च मूळ भाड्याच्या बरोबरीला सहज जातो.

सामानात छत्रीपेक्षा डोके झाकणारा जलरोधक अंगरखा महत्त्वाचा, कारण डेकवरच्या वाऱ्यात छत्री टिकत नाही. त्याच्या आत लोकरी थर आणि अंगालगत गरम बनियन. दुर्बीण माणशी एक असावी. एकाच दुर्बिणीतून देवमासा पाहताना घरातले वाद अटळ आहेत. मोठ्या बॅगा धक्क्यावरच ताब्यात घेतात आणि त्या संध्याकाळपर्यंत खोलीत पोहोचतात. म्हणून औषधे, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या आणि पासपोर्ट हातातल्या पिशवीत ठेवावेत. आगीच्या धोक्यामुळे इस्त्री चालत नाही आणि चहासाठीची विजेची किटलीही बहुतेक जहाजांवर काढून घेतात. घरी शिजवलेले पदार्थ शक्यतो नेऊ नयेत, मात्र बंद पाकिटातला चिवडा बहुधा चालतो. शाकाहारी आणि जैन जेवणाची सूचना आरक्षणाबरोबरच लेखी द्यावी. पहिल्या रात्री मुख्य वाढप्याला ती पुन्हा सांगावी. तो गोव्याचा निघण्याचा संभव बराच असतो. पी अँड ओ कंपनीच्या आगबोटींपासून गोव्याचे तारवटी, म्हणजे खलाशी, जगभरच्या जहाजांवर चाकरी करत आले आहेत.

निघण्यापूर्वीची सुरक्षा-कवायत सक्तीची असते. टायटॅनिकच्या अपघातानंतर १९१४ मध्ये झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराचा हा वारसा. सात आखूड आणि एक लांब भोंगा म्हणजे आणीबाणीची खूण. ही कवायत अनाठायी नाही. याच मार्गावर जुनोच्या उत्तरेस ऑक्टोबर १९१८ मध्ये ‘प्रिन्सेस सोफिया’ ही आगबोट खडकावर चढली आणि वादळात सुमारे साडेतीनशे माणसांसह बुडाली. बंदरात उतरल्यावर मोबाइलपेक्षा जहाजाच्या घड्याळावर विसंबावे. उशिरा येणाऱ्यासाठी जहाज थांबत नाही. जहाजावर डॉक्टर असतो, पण त्याचे शुल्क भरघोस असते. परदेश-प्रवास विमा घेताना त्यात जहाजावरील उपचार आणि हवाई सुटका येते का, ते वाचावे.

राहिली कागदपत्रे. भारतीय पासपोर्टवर जाणाऱ्याला अमेरिकेचा अनेक-प्रवेशी व्हिसा हवा, कारण कॅनडाहून परत अमेरिकेत शिरायचे असते. आणि कॅनडाचाही व्हिसा हवा, थांबा व्हिक्टोरियातल्या एका संध्याकाळचा असला तरी. ग्रीन कार्ड असलेल्या मुला-सुनेला कॅनडाचा व्हिसा लागत नाही. त्यामुळे आई-बाबांना तो लागतो हे घरात कोणाच्या लक्षात येत नाही, आणि धक्क्यावरच्या तपासणीत दोघेच मागे राहतात. भरलेले पैसे सहसा परत मिळत नाहीत. नियम बदलत असतात, म्हणून कॅनडाच्या सरकारी संकेतस्थळावर ते स्वतः वाचून घ्यावेत. तो व्हिसा हाती येईपर्यंत परत न मिळणारे तिकीट काढू नये.