पोथीलाही समाधी द्या

येत्या २२ जुलैला महाडच्या महापुराच्या आठवणी पुन्हा निघतील. २०२१ साली पाणी कुठवर चढले, तळियेत काय घडले, हे इथल्या वाचकाला सांगायला नको. मला लिहायचे आहे ते भिजून लगदा झालेल्या पोथ्यांबद्दल. देव्हाऱ्यातले गुरुचरित्र कचऱ्याच्या ढिगावर टाकायला हात धजत नाही. मग ते नदीत सोडायचे, म्हणजे ज्या सावित्रीने भिजवले तिच्याच पात्रात, प्लास्टिकच्या वेष्टनासकट. हे मला मुळीच पटत नाही. जाळणेही नको. मनुस्मृतीचे दहन इथे २५ डिसेंबर १९२७ला झाले, तो जाहीर धिक्कार होता. श्रद्धेने वाचलेल्या ग्रंथाला तसा निरोप कसा द्यायचा?

यहुदी धर्माने याचा विचार फार पूर्वीच केला आहे. हा धर्म आपल्याला परका नाही. अलिबागच्या इस्रायल आळीत, रेवदंड्यात, पेण-पनवेलला बेने इस्रायलींची प्रार्थनामंदिरे आहेत. देवाचे नाव लिहिलेला कागद नष्ट करायचा नाही, हा त्यांचा नियम. जीर्ण पुस्तके गेनिझा नावाच्या कोठारात साठवायची आणि पुढे दफनभूमीत पुरायची. चर्मपत्रावर हाताने लिहिलेली तोराची गुंडाळी निकामी झाली, तर ती मातीच्या भांड्यात घालून विद्वानाच्या कबरीशेजारी पुरावी, असे तालमूद सांगते. कैरोच्या बेन एझ्रा प्रार्थनामंदिरातल्या गेनिझातले कागद मात्र पुरायचे राहून गेले. त्यांतले लाखो तुकडे संशोधकांच्या हाती आले आणि बाराव्या शतकात भारताच्या पश्चिम किनाऱ्याशी व्यापार करणाऱ्यांची पत्रेसुद्धा मिळाली.

ग्रंथ जपण्याची शिस्त आपल्याकडेही आहे. शिवथरघळीत ज्याचे लेखन झाले असे परंपरा मानते, त्या दासबोधात लेखनक्रियेवर अख्खा समास आहे. अक्षर कसे काढावे इथपासून बासन, मेणकापड, पेटी, कुलूप इथपर्यंत समर्थांनी सगळे सांगितले आहे.

पोथी पुरायची म्हटले की काहींच्या कपाळाला आठी पडेल. पण संन्याशाला आपण अग्नी देत नाही, समाधी देतो. पोलादपूरला कवींद्र परमानंदांची समाधी आहे, तिथे आपण हात जोडतोच. मग ग्रंथाला मातीत ठेवण्यात कमीपणा कसला?

नगरपालिकेने पूररेषेच्या वर एक जागा राखावी. पोथीचे प्लास्टिक आणि पिना काढाव्यात, हस्तलिखित असेल तर आधी जाणकाराला दाखवावे, बाकीचे सुती कापडात बांधून मातीत ठेवावे. पुढच्या पावसाळ्याआधी एवढे सहज होण्यासारखे आहे.